शेणाच्या ढिगावर अभिषेक

गाभाऱ्यात तूच आणि गोठ्यातही तूच, अशा हे सावळ्या विठ्ठला, तुला आधी वंदन. माझी जी फजिती झाली ती माझ्याच तोंडून वदवून घे, आणि ऐकणाऱ्यांना हसू आवरण्याची शक्ती दे!

आता काय सांगू तुम्हाला, मंडळी! चहा घ्या, निवतो आहे. शेणाची गोष्ट आहे, पण बेताने ऐकलीत तर घशाखाली उतरेल.

वांगणी स्टेशनापासून आत, शिवाराच्या कडेला आमचे घर. दारात गौरी गाय आणि तिची लेक तांबू. मुलगा मंदार अंबरनाथची कारखान्यातली नोकरी सोडून आला आणि सूनबाई अनघाच्या जोडीने कोथिंबीर-पुदिन्याची शेती करू लागला. गिऱ्हाईकही तोलामोलाचे मिळाले. उल्हासनगरचे सिंधी हरेशभाई. त्यांचे दालपकवानाचे, म्हणजे डाळ आणि कुरकुरीत पुऱ्यांचे दुकान, आणि हिरवी चटणी तिथे पातेल्यांनी लागते.

पण त्यांची एक अट होती.

"देखो साईं, चटणी मी शिजवत नाही, कच्चीच जाते. तुमच्या खतात बीमारीचे जंतू निघाले आणि किसी का पेट बिगडा, तो मेरा शटर डाउन! पहले खत टेस्ट करून आणा, मग माल रोज माझा."

जंतू? गोमातेच्या शेणात? मी कानांवर हात ठेवले. "शिव शिव!"

अनघा समजुतीने म्हणाली, "बाबा, गाय पवित्रच आहे हो. पण तिच्या पोटात सगळंच असतं. शेण नुसतं साठवून ठेवलं म्हणून ते जंतू मरत नाहीत, महिनोन्‌महिने जगतात. त्यासाठी ढीग आतून..."

पुढचे ऐकायला मी थांबलो कुठे! 'शिव शिव' करीत थेट देवघर गाठले. मंडळी, कीर्तनातून मध्येच उठणाऱ्यांना मी आयुष्यभर बोल लावत आलो. आणि स्वतः? अर्ध्या वाक्यातून उठलो!

मग आली माघातली एक पहाट. पूजेची फुले तोडायला गोठ्यामागे गेलो, तो काय! शेणखताच्या ढिगातून वाफा निघताहेत! काठी आत खुपसून बाहेर काढली, तर काठी ऊन!

पेंढ्याची गंजी आतल्या आत तापून कशी पेटते, हे का शेतकऱ्याला शिकवावे लागते? शेजारी गोठा, गोठ्यात गौरी आणि तांबू. शिवाय त्या ढिगात असंख्य जीव असतील! ते बिचारे होरपळत असतील आणि मी खुशाल फुले तोडू? भूतदया म्हणून काही आहे की नाही?

उपायही तत्काळ सुचला. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर आपण काय करतो? तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र टांगतो, थेंब थेंब पाणी पडत राहते आणि देव निवतो. मी तीन बांबू उभे केले, पात्र टांगले, ढिगावर बेलाचे पान ठेवले आणि नामस्मरण करीत बसलो. मुलगा-सून तेव्हा बदलापूरच्या बाजारात गेलेली असत. ती परतायच्या आत बांबू गायींच्या वाटेतून दूर, निर्माल्य तुळशीपाशी आणि पात्र घासून देवघरात. लपवाछपवी नव्हती हो! पूजेचे भांडे शेणापाशी दिवसभर कसे ठेवायचे?

दुपारी अनघा ढिगात थर्मामीटर खुपसून बघायची आणि म्हणायची, "बाबा, आज पण थंडच!"

मी प्रसन्न होऊन म्हणे, "देवाची कृपा, पोरी!"

ती मंदारला सांगे, "बघ, बाबा किती धीर देतात!"

आता ह्याला काय म्हणाल? ती रडकुंडीला आलेली, मी कृतकृत्य, आणि दोघांचा संवाद अगदी सुरळीत चाललेला!

तिने ढिगात कोरडा पाचोळा मिसळला. पहाटे पुन्हा वाफ! मी दुसरे पात्र टांगले. तिने गुळाचे पाणी शिंपडले. मी घागरीला भोक पाडले! एकाच घरात एकजण ताप चढवतो आहे, दुसरा उतरवतो आहे, आणि दोघेही प्रामाणिक.

पहिल्या तपासणीत खत नापास झाले. घरावर अवकळा आली. मंदार जुन्या कारखान्यात फोन करून जागा आहे का विचारू लागला. आपली सेवाच कुठे कमी पडते आहे, असे वाटून मी गायींना पाणी पाजताना संध्याकाळच्याही दोन घागरी वाढवल्या!

आणि एका सकाळी मुलगा-सून बाजारातून नेहमीपेक्षा लवकर परतली, आणि पाठोपाठ, काही न कळवता, हरेशभाई दारात.

"मंदारभाई, कोथिंबीर तर एक नंबर आहे. मग खत का फेल होतं? मुझे खुद देखना है."

अनघाचे डोळे भरून आले. "सगळं केलं हो. पण ढीग तापतच नाही."

"तापेल कसा?" मी छाती पुढे काढून म्हणालो. "मी कशाला आहे? या, दाखवतो!"

सगळ्यांना घेऊन गोठ्यामागे गेलो. बांबूंवर दोन पात्रे आणि एक घागर टांगलेली. टप, टप, टप. खाली ढीग हळदकुंकू लावून, बेलाच्या पानासह, शांतपणे भिजतो आहे.

गोठ्यातून तांबू हंबरली.

"बाबा," अनघा अगदी हळू आवाजात म्हणाली, "ढीग आतून तापला की त्या तापानंच ते जंतू मरतात. त्या दिवशी हेच तर सांगत होते."

"म्हणजे मी..."

"तुम्ही जगवलंत त्यांना."

हरेशभाई आधी ढिगाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि मग पोट धरून खालीच बसले. "अरे बाबाजी! लोग जंतू मारते हैं, तुम्ही त्यांना एसी लावला!"

मग मंदार हसला, अनघा तर डोळे पुसता पुसता हसली. माझी मान काही वर होईना. हरेशभाईच उठून माझ्या पाया पडले आणि म्हणाले, "टेन्शन नको. नवा ढीग लावा. मी थांबतो."

नवा ढीग लागला. मंदार आणि अनघा तो वरचेवर उलथून बाहेरचे आत, आतले बाहेर करीत. मी दुरून विचारले, "ह्यात माझ्यासाठी काही सेवा?"

आमची ही ओट्यावरून म्हणाली, "अहो, पाण्याला तेवढा हात लावू नका. जवळ बसून भजन म्हणा. तुमच्या वरच्या पट्टीनं सगळ्या आळीची डोकी तापतात, ढीग का नाही तापणार?"

बसलो. रोज पहाटे, टाळ घेऊन. आणि काय सांगू! ढीग असा तापला की अनघाने थर्मामीटर हातात धरून अंगणभर उड्या मारल्या. तपासणीत खत निर्दोष ठरले. कोथिंबिरीच्या जुड्या उल्हासनगरला जाऊ लागल्या, आणि मंदारने कारखान्यात फोन करणे सोडले.

मी ऐटीत हिला म्हणालो, "पाहिलंस? नामाचा महिमा!"

"हो तर!" ही म्हणाली. "जंतू तापानं मेले की तुमच्या आवाजानं, ते तपासणाऱ्याला कुठे कळतंय!"

असो. ऐकणाऱ्या प्रत्येकाला आणि प्रत्येकाच्या घरादाराला देव सुखात ठेवो. तुमच्या गोठ्यात दूध, ताटात हिरवी चटणी आणि पोटात शांती नांदो. आणि घरात कोणी काही समजावून सांगत असेल, तर ते शेवटपर्यंत ऐकण्याची बुद्धी तुम्हाला लाभो, जी मला लाभली नाही!