सहीवरून ठरवलेला थोरला

लिहिणारा : मी, तहसील कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस. ठिकाण : सौंदडजवळचे एक गाव. वेळ : गेल्या वर्षी, धान पोटरीत येऊन पाण्याची गरज होती तेव्हा. साक्षीदार : एका जुन्या घराण्यातील सर्वांत म्हातारी सून.

गावचा तलाव त्या घराण्याने बांधला, आणि शेतांना पाणी सोडण्याचे त्याचे दार मूळच्या दोन भावांपैकी थोरल्याच्या शाखेनेच प्रथम उघडावे, असा तेथे रिवाज आहे. थोरली शाखा कोणती, यावर वाद झाला, तेव्हा वंशावळ लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. जुन्या विक्रीपत्रावर ज्या भावाची सही वर होती, त्यास मी थोरला ठरवले आणि कागद कचेरीत दाखल केला.

नंतर तो म्हातारीस वाचून दाखवला.

"काऊन जी, सहीवरून वय काढून राहिले तुमी? धाकट्याले लिवता येत होता, त्यानं आधी सही केलन. थोरल्यानं मंग खाली अंगठा देल्लन."

"आधी का नाही सांगितलेत?"

"मले इचारलन कोनं? तुमी त कागदालेच इचारत होते."

तीन दिवसांनी दार उघडायचे होते. दोन्ही शाखा काठ्या घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावर, येणार, धाकटी शाखा माझा कागद पुढे करणार, आणि एखाद्याचे डोके फुटणार, हे मला स्पष्ट दिसू लागले.

त्याच दुपारी मी प्रथमच स्वतःच्या नावाने अर्ज लिहिला. 'सदर वंशावळ माझ्या चुकीने खोटी झाली आहे. ती तलावाचे दार उघडण्यापूर्वी रद्द व्हावी, दोन्ही शाखांस तसे कळवावे आणि मजला आजच लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.'