मानाचे एडिटर

चनबसप्पाला मी सहावीपासून ओळखतो आणि सहावीपासून तो मला मूर्खच वाटत आला आहे. तेव्हा तो वर्गाचा मॉनिटर होता. बोलणाऱ्या पोरांची नावं फळ्यावर लिहायची आणि ज्याच्या डब्यात शेंगाची पोळी निघेल त्याचं नाव पुसून टाकायचं, एवढा कारभार त्याला येत होता. पुढच्या पंचावन्न वर्षांत त्यात फारशी भर पडली नाही.

टॉवेलच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून तो निवृत्त झाला आणि सोलापुरातल्या आमच्या भागातल्या एका ट्रस्टनं त्याला आपल्या डायलिसिस केंद्राचा व्यवस्थापक केलं. किडनी निकामी झालेल्या माणसांचं रक्त तिथं यंत्रानं धुतात. यंत्रं सहा, दिवसाला पाळ्या तीन. एकेका पेशंटला आठवड्यातून दोन-तीनदा यावं लागतं, चार-चार तास पडून राहावं लागतं. कुणाचा कुठला वार, कुठली पाळी, कुठलं यंत्र, हे सगळं एका ऑनलाइन शीटवर असतं. मी निवृत्त मास्तर. पेशंटांचे सरकारी अर्ज भरून द्यायला सकाळी दहाला तिथं जाऊन बसतो, म्हणून यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

शीट चनबसप्पाच्या भाच्यानं, मंजुनाथनं करून दिली. पुण्याला परत जाताना त्यानं मामाला माझ्यादेखत समजावलं होतं, "मामा, जो काम करतो त्याला एडिटर करा, तो बदल करू शकतो. बाकीच्यांना व्ह्यूअर ठेवा, ते नुसतं बघतील. आणि ओनर तुम्ही." एवढ्या सगळ्यातला ओनर हा एकच शब्द मामाच्या डोक्यात शिरला. दुसऱ्या दिवसापासून तो इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागला.

आता आपल्याकडं मान म्हणजे काय असतो ते सांगायला नको. लग्नात टॉवेल-टोपी कुणाला आणि नुसता नारळ कुणाला, यावरून सख्ख्या साडूंनी बोलणं टाकलेलं मी पाहिलंय. चनबसप्पानं एडिटर हा तसाच मान धरला. ट्रस्टचे अध्यक्ष एडिटर झाले. पाण्याचा कूलर देणारे एडिटर झाले. पंधरा ऑगस्टला झेंडा फडकवायला आलेले एक निवृत्त तहसीलदार एडिटर झाले. ट्यूबलाइट बसवून देणारा फरशीचा दुकानदार बसवेशही झाला. आणि हे गुपचूप नाही. रीतसर कार्यक्रम, माइक, टॉवेल, टोपी, नारळ, आणि मग घसा खाकरून, "यांना आजपासून एडिटर करण्यात येत आहे." टाळ्या. शिक्षक दिनाला मलाही केलं. मनातून हसत होतो, पण टोपी घातली. फोटो आहे.

अकरा वर्षं तिथं राबणारी नर्स संघप्रिया मात्र व्ह्यूअर. नुसत्या बोटानं चाचपून शीर शोधणारी बाई. कुणाचं वजन किती वाढलंय, कुणी पथ्य मोडून गुपचूप केळं खाल्लंय, हे तोंड बघून सांगते. एखाद्या पेशंटचा वार बदलायचा झाला तर तिनं कागदावर लिहून चनबसप्पाला द्यायचं आणि त्यानं चष्मा लावून, एका बोटानं, तासाभरात ते टाकायचं. एडिटर करा म्हणून तिनं शीटवरूनच नऊ वेळा विनंती पाठवली. चनबसप्पा ती विनंती मला उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, "मान मागून घ्यायचा असतोय व्हय? कामावरच्या माणसानं वाचायचं आणि करायचं." तिचं आडनाव, तिची वस्ती याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही. टोप्या कुणाकुणाला मिळाल्या त्यांची नावं वाचली की पुरे.

मंगळवेढ्याकडची मायाक्का दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी पहिल्या एस्टीनं यायची. मेंढपाळाघरची म्हातारी, काटक, बोलायला फटकळ. तिचा मुलगा मायाप्पा मेंढरं भावकीतल्या कुणाच्या तरी गळ्यात घालून तिला घेऊन यायचा. मायाक्काला लघवी जवळजवळ होतच नव्हती. एक जरी पाळी चुकली तरी अंगात पाणी साठून छातीत चढेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

एका बुधवारी सकाळी बसवेश दुकानात गिऱ्हाइकाला फोन दाखवत होता, "हे बघा, आपल्याला एडिटर केलंय." दाखवता दाखवता त्याचा अंगठा गुरुवार, पहिली पाळी, यंत्र चार या रकान्यावर पडला आणि नाव पुसलं गेलं. त्याला कळलंही नाही. शीट मात्र सगळं लक्षात ठेवते, कुणी किती वाजता काय केलं ते नंतर तिच्यातूनच निघालं.

संघप्रियाला ते दुपारी बारा वाजता दिसलं. तिनं चनबसप्पाला फोन केला. तो दुधनीला एका लग्नात पंगतीत बसला होता. म्हणाला, "पुसलं असंल तर एडिटरनंच पुसलं असंल की. एडिटर काय उगं पुसतोय व्हय?" आणि फोन ठेवला. मग तिनं मला केला, मी तोवर घरी आलो होतो.

"सर, मायाक्काचं नाव गेलंय उद्याचं. तुम्ही एडिटर आहात की. तेवढं टाका ना."

मी म्हणालो, "बघतो. चनबसप्पाला आल्यावर दाखवू, त्याच्याकडूनच करून घेऊ." आणि चहा टाकायला सांगितला.

तीन वाजता त्या निवृत्त तहसीलदारांना रिकामा रकाना दिसला. दुधनीचे त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ डायलिसिससाठी जागा शोधत होते. तहसीलदारांनी त्यांचं नाव टाकलं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

गुरुवारी सकाळी चनबसप्पा छापील यादी घेऊन दारात उभा होता. दुधनीचे गृहस्थ आधी आले, त्यांना त्यानं यंत्र चारवर पाठवलं. सुया लागल्या. पाठोपाठ मायाक्का आली.

"यादीत नाव न्हाय," चनबसप्पा म्हणाला.

"आवं, मी दर गुरवारी येती की हितं!"

संघप्रिया आतून धावत आली. तिनं सांगितलं, ह्यांची पाळी चुकवून चालणार नाही, तिन्ही पाळ्या भरल्यात तर तिसरी संपल्यावर मी थांबते, चौथी लावू. चनबसप्पानं यादी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "चौथी पाळी शीटमध्ये न्हाय." माणसं इतकी निर्बुद्ध असू शकतात यावर मुलांचा विश्वास बसत नाही, म्हणून मी वर्गात असली उदाहरणं कधी दिली नाहीत. मी दहाला पोचलो तोवर मायलेक परतीच्या एस्टीत बसले होते.

शुक्रवारी मायाक्काला धाप लागली. मंगळवेढ्याहून तिला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते. चार दिवस व्हेंटिलेटरवर होती. वाचली. पण त्या चार दिवसांत मेंदूला काहीतरी झालं. आता ती मायाप्पाला धरून चालते आणि त्याला कधी कधी भाऊ म्हणून हाक मारते.

ट्रस्टनं खुलासा मागितला. चनबसप्पानं खुलासा म्हणून काय केलं असेल? कार्यक्रम ठेवला! "पेशंटच्या नातेवाइकांनाही मान मिळाला पाहिजे" म्हणून मायाप्पाला एडिटर करायचं ठरवलं. बसवेश, तहसीलदार, अध्यक्ष, सगळे पहिल्या रांगेत बसले. आतून यंत्रांचा आवाज येत होता. चनबसप्पानं मायाप्पाच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि ईमेल विचारला.

मायाप्पाकडं साधा बटणांचा फोन होता. तो म्हणाला, "त्ये न्हाय आपल्याला कळत. ह्या बाईस्नी द्या. आमची म्हातारी कवा येती, कुटं निजती, ह्यास्नीच ठावं हाय."

"ती व्ह्यूअर हाय," चनबसप्पा समजुतीच्या सुरात म्हणाला.

मी याच क्षणाची वाट बघत होतो. उठलो आणि सगळ्यांसमोर त्याची सालटी काढली. बसवेशचा अंगठा काढला, चौथी पाळी काढली, टॉवेल-टोप्या काढल्या. पस्तीस वर्षं शिकवलंय, बोलायला येतं मला. चनबसप्पाचं तोंड एवढंसं झालं. मला फार बरं वाटलं.

मायाप्पा शांतपणे ऐकत होता. माझं झाल्यावर त्यानं विचारलं, "गुरुजी, बाई म्हणत हुत्या, बुधवारी तुमास्नीबी फोन केलता. तुमी पन एडिटरच की?"

संघप्रिया दारात उभी होती. तिनं खाली बघितलं.

मी फोन काढला. काहीतरी करायला पाहिजे म्हणून काढला. शीट उघडली, शेअर दाबलं, तिचा पत्ता टाकला, एडिटर निवडलं. वाटलं, ओनरशिवाय होणार नाही. झालं. मंजुनाथनं ती सोय सगळ्याच एडिटरांना ठेवली होती. दोन वर्षांत मी शीट शेकडो वेळा उघडली, पण फक्त चनबसप्पाच्या चुका मोजायला.

मायाक्काचं नाव टाकायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ते टाकलं नाही, कारण गुरुवारी चनबसप्पा तोंडावर पडलेला मला बघायचा होता.

"आलं, सर," संघप्रिया फोन बघून म्हणाली. आत एका यंत्राचा अलार्म वाजायला लागला होता. ती गेली.