मंगळवार पेठेतला बर्फाचा ट्रॅक्टर

आधी माफी मागतो. एखाद्या माणसावर लिहायचं तर लिहिणाऱ्याचा काही अधिकार लागतो, असं आमचे मराठीचे सर म्हणतात. माझा अधिकार एवढाच, की ज्यांच्यावर लिहितोय त्यांच्या माडीवर मी भाड्याने राहतो आणि त्यांच्या हाकेपासून मला सुटका नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही. हुपरीला आई-वडील घरी बसून पैंजणांना घुंगरं जोडतात. मुलगा लोकांवर लिहायला लागला हे आईला कळलं, तर ती पहिल्यांदा विचारेल, "त्यांना विचारलंस का?" विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला लिहूच दिलं नसतं, किंवा शेजारी बसून स्वतःच सांगितलं असतं, आणि दुसरं जास्त अवघड गेलं असतं. तरी लिहितो. कारण अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात बर्फ पडण्याची काळजी करणारा एकच माणूस आहे आणि तो आमचा घरमालक आहे, ही गोष्ट कुठंतरी लिहिलेली असावी असं मला वाटतं.

काकांचं खाली अंगणाला लागून वर्कशॉप आहे. नांगराचे फाळ, उसाची सरी सोडायची अवजारं असलं काय काय तिथं अनेक वर्षं होत आलं. आता वयामुळे धंदा थांबवलाय असं ते सांगतात, पण घण थांबलेला मी ऐकलेला नाही. मला ते नावाने हाक मारत नाहीत. जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पाना आपटतात आणि ओरडतात, "ए कॉलेज, खाली ये!" मग मी काहीही करत असलो, अगदी डोक्याला साबण लावलेला असला, तरी खाली जावं लागतं, नाहीतर पाना आपटणं सुरूच राहतं आणि समोरच्या गादी कारखान्यातले चाचा वैतागून म्हणतात, "जा रे बाबा पोरा, आमचे कान वाचव." त्यांचा दुसरा गुण म्हणजे कुठलीही वस्तू ते गरजेपुरती करू शकत नाहीत. राहायला आलो तेव्हा शर्ट अडकवायला मी एक खिळा मागितला होता. त्यांनी भिंतीला भोकं पाडून तिथं अँगल बसवला. त्यावर म्हैस टांगली तरी भिंत पडेल, अँगल पडणार नाही. "उगं आपलं तकलादू काम आपल्याकडं न्हाय," म्हणाले. त्या अँगलवर आज माझे दोन शर्ट आहेत.

आता बर्फाचं. काकांना एकच मुलगी. ताई नर्स झाली, नोकरीला पार हिमाचलात गेली आणि तिथल्याच दवाखान्यात काम करणाऱ्या मुलाशी लग्न करून राहिली. जावयाची सफरचंदाची बाग आहे आणि घर त्या बागेत, डोंगराच्या उतारावर. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एक बारीक वाट. हिवाळ्यात मोठा रस्ता सरकारी मशीन मोकळा करतं, पण ही वाट ज्याची त्यानं मोकळी करायची. गेल्या उन्हाळ्यात ताईचा फोन आला, तिला दिवस गेले होते. काका इतके खूश झाले, की वर्कशॉपमधल्या जुन्या वेल्डरला बोलावून त्यांनी मोडका पाळणा दुरुस्त करायला घेतला. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारायचं काय? पण ताईने विचारलं.

"आप्पा, तिथं माझं कोण करणार?" काकू जाऊन काही वर्षं झाली आहेत. "हितं दवाखाना हाय, सासूबाई हायत. मी हितंच बरी हाय."

"आनि माहेर?"

"आप्पा, ओरडू नका. फोन हाय त्यो."

खरं तर फोन काकांना पटतच नाही. आवाज हिमाचलपर्यंत आपल्यालाच पोहोचवायचा आहे अशा समजुतीने ते बोलतात. त्या दिवशी मात्र फोन ठेवल्यावर ते पाळण्याचं काम अर्धवट टाकून पायरीवर जाऊन बसले. चाचा म्हणाले, "मग तूच जा की तिकडं." त्यावर काका असे बघायला लागले, की जणू चाचांनी त्यांना लुगडं नेसायला सांगितलंय. "बाळंतपणाला बाप जातोय व्हय कुठं? आई जाती." विषय संपला, असं मला वाटलं.

आठवडाभराने मिरजेकडच्या एका द्राक्षबागेतून टेम्पोत घालून एक जुना छोटा ट्रॅक्टर आला, बागेच्या दोन ओळींमधून जाणारा, दिसायला पोरांच्या खेळण्यापेक्षा थोडा मोठा. बाळ जानेवारीत येणार, जानेवारीत वाट बर्फाखाली असते, म्हणून ट्रॅक्टरला पुढे बर्फ लोटायची फळी बसवून तो तिकडे पाठवायचा. "ती येत न्हाय न्हवं? मग माहेर तिकडं जाईल." असं म्हणून त्यांनी घण उचलला, आणि माझं सेमिस्टर तिथं संपलं.

पहिला प्रश्न, बर्फ असतो कसा. काकांनी आयुष्यात बर्फ पाहिला होता तो मासळीबाजारातल्या लादीचा. त्यांनी लादी फोडायच्या हिशोबाने फळीला नांगराचे दात लावले. चाचांचं म्हणणं, बर्फ पिंजलेल्या कापसासारखा असतो, टीव्हीवर दिसतोच की. दोघांचं यावर एवढं भांडण झालं, की चाचांनी मूठभर कापूस आणून काकांच्या ऐरणीवर आपटला. शेवटी मी ताईला फोन लावून दिला. ताई म्हणाली, "आप्पा, पडलेला बर्फ खोबऱ्याच्या किसासारखा असतोय. दोन दिसांनी मातर दगड." म्हणजे दोघंही बरोबर. याचा दोघांनाही राग आला. दात काढले, परत लावले, परत काढले. दर वेळी नटबोल्ट धरायला मी.

दुसरा प्रश्न टायरांचा. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत पाणी भरतात, वजनाने चाक घसरत नाही. काकांनीही अर्थातच काठोकाठ पाणी भरलं. मी भीत भीत म्हणालो, "काका, तिकडं ते पाणी आतच गोठेल." माझा सल्ला त्यांनी ऐकला याचा आनंद मला एक दिवस झाला. दुसऱ्या दिवशी ते गुऱ्हाळावरून काकवीचे डबे घेऊन आले. काकवी गोठत नाही, काकवी जड असते, काकवी आपल्याकडची आहे. ती गरम करून, पातळ करून फवारणीच्या पंपाने टायरात भरायची. तिथं पंप मारायला कोण होतं हे सांगायची गरज नाही. व्हॉल्व्हमधून काकवी जेवढी आत गेली, तेवढीच माझ्या अंगावर आली. मग मुंग्या आल्या. साध्या मुंग्या नव्हेत. अख्ख्या मंगळवार पेठेला निमंत्रण गेलं असावं. त्यांची एक रांग जिन्यावरून माझ्या खोलीत गेली, आणि दुसरी रस्ता ओलांडून गादी कारखान्यात.

"गादीत मुंग्या गेल्यावर गिऱ्हाईक मला झोपू देईल का?" चाचा ओरडले.

"माझ्या लेकीचं बाळंतपण हाय आनि तुला मुंग्यांचं पडलंय?"

"तुझी लेक ती माझी कोण न्हाय व्हय? खांद्यावर बसवून शाळेत सोडलंय मी तिला!"

मग दोघं मिळून मुंग्या मारायची पावडर टाकत बसले.

चाचणी ठरली खंडेनवमीला. काकांनी बर्फाच्या कारखान्यातून लाद्या मागवल्या, मशीनवर किसून घेतल्या आणि गल्लीत त्याचा थर पसरला. पण त्या दिवशी अवजारांची पूजा असते, आणि पूजेशिवाय काका चाचणी करतील हे शक्यच नव्हतं. ट्रॅक्टर धुतला, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. माळ तोकडी पडली म्हणून मला पुन्हा बाजारात पिटाळलं. नारळ फुटेना, तो तिसऱ्यांदा आपटला. ऊन असं होतं, की डांबर पायाला चिकटत होतं. शेवटी एकदाचे काका ट्रॅक्टरवर बसले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "बाजूला व्हा, बर्फ उडंल!" गल्लीत तेव्हा बर्फ नव्हता, तळं होतं. फळीने ते सगळं पाणी व्यवस्थित एका बाजूला लोटलं, म्हणजे थेट चाचांच्या कापसात. चाचा भिजलेला कापूस हातात घेऊन नुसते उभे राहिले. काका म्हणाले, "बगितलास? लोटायला एक नंबर."

सफरचंदं घेऊन हिमाचलातून ट्रक आपल्या मार्केट यार्डात येतात आणि जाताना त्यांना माल हवाच असतो. अशाच एका ट्रकवर ट्रॅक्टर चढला. काकांनी आदल्या दिवशी टाकी डिझेलने गळ्यापर्यंत भरली होती. तिकडचा ड्रायव्हर समजुतीने म्हणाला, "बाबूजी, टंकी खाली करवा दो, उधर का डीज़ल डलवा लेंगे." काकांचा चेहरा लाल झाला. "लेकीच्या घरला रिकामं भांडं पाठवत न्हाईत," ते मला म्हणाले, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हमारे डिझेल पे नजर हाय क्या?" त्यांनी टाकीच्या झाकणाला तारेने आवळून कुलूप घातलं. किल्ली कुरिअरने जावयाला पाठवायचं काम अर्थात माझं होतं. ट्रक वळणाआड गेला तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि माझ्यावरच ओरडले, "काय बगालास? अभ्यास न्हाय तुला?"

जानेवारीत मी जेवढा छळ सोसला तेवढा परीक्षेनेही कधी केला नाही. दर थोड्या वेळाने पाना वाजायचा. "ए कॉलेज, तिकडचं हवामान बग." मी बघायचो. "परत बग." हवामान एवढ्या लवकर बदलत नाही, असं सांगितलं की म्हणायचे, "तुझा फोनच चांगला न्हाय." मग एकदा तिकडे खरंच मोठा बर्फ पडला आणि ताईचा फोन लागेनासा झाला. जावयाचाही लागेना. टॉवर बंद पडले असतील, असं मी समजावत होतो. काका काही ऐकत नव्हते. त्यांनी वर्कशॉप झाडलं, पुन्हा झाडलं, चांगल्या नांगराचे नट काढून पुन्हा बसवले. चाचा दुकान उघडं टाकून आमच्या पायरीवर येऊन बसायला लागले. घण मात्र बंद होता. मी माडीवर पुस्तक उघडून बसायचो, आणि मला त्या शांततेत एक ओळ वाचता यायची नाही.

मग एका सकाळी मी दात घासत असताना पाना वाजला. तसाच खाली गेलो. काकांच्या हातात फोन होता आणि त्यांना स्पीकरचं बटण सापडत नव्हतं. मी ते दाबलं. पलीकडे जावई होते.

"पापाजी, बेटी हुई है. दोनों ठीक हैं, अस्पताल में हैं."

चाचांनी दोन्ही हात वर केले. काका म्हणाले, "पावणं, रस्ता? रस्ता हुआ क्या?"

"काका, नात झालीय!" मी ओरडलोच.

"ऐकलं की. पावणं, रस्ता?"

जावई सांगायला लागले. आदल्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या. वाटेवर कंबरभर बर्फ. पुढे ट्रॅक्टर, मागे जीपमध्ये ताई. फळी बर्फ असा बाजूला टाकत होती, की गाव बघायला उभं राहिलं. चाकं एकदाही घसरली नाहीत. मग वाटेच्या मध्यावर, अक्रोडाच्या झाडापाशी, इंजिन गचके खाऊन बंद पडलं. थंडीने आपल्याकडचं डिझेल तुपासारखं थिजलं होतं; तिकडे हिवाळ्यात न थिजणारं वेगळं डिझेल मिळतं. सासऱ्यांनी भरून दिलेली टाकी म्हणून जावयाने ती तशीच राखून ठेवली होती. तिथून पुढे शेजाऱ्यांनी फावड्यांनी वाट काढली आणि ताईला खुर्चीत बसवून उचलून रस्त्यापर्यंत नेलं.

माझा सगळ्या महिन्यांचा राग एकदम बाहेर आला. "त्या ड्रायव्हरचं ऐकलं असतं तर काका..." मी सुरुवात केली. चाचांनी माझा दंड धरला. पलीकडून ताईचा आवाज आला, खूप दमलेला. "आप्पा, ऐकू येतंय का? पोरगी तुमच्यासारखी ओरडती."

काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते पायरीवर चाचांच्या शेजारी बसले. त्यांना एवढ्या हळू आवाजात बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं.

"निम्म्यापतोर तरी गेलतो की मी," ते चाचांना म्हणाले.