ठिगळ आतल्या अंगाला

आत्याने लुगडं हातात देताना एकच अट घातली होती. "ठिगळ आतल्या अंगाला घाल. लोकान्ला दिसाया नको." मी हो म्हणालो. त्या होकाराबद्दल आजवर कुणाशी बोललेलो नाही, बायकोशीही नाही.

नव्वदचं दशक नुकतंच सरलं होतं. सापगाव सोडून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की एक बंद पडलेली भातगिरणी होती. मुंबईच्या एका बाईंनी ती घेतली, पांढरा रंग दिला आणि आत जुन्या-नव्या कपड्यांचं प्रदर्शन-दालन उभारलं. भरजरी शालू, जुने अंगरखे, नव्या मुलामुलींनी शिवलेले पोशाख. फॅशन म्हणजे नुसती हौस नाही, ती कला आहे, कारागिरी आहे, संस्कृती आहे, असं त्या सांगायच्या. ते मला पटायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही पटतं.

मी शहापुरात राहून त्यांच्याकडे नोकरी करत होतो. डोळखांबकडच्या पाड्यांवरून जुनी लुगडी मिळवायची हे माझं काम. तिकडची बोली येते, एवढंच मी बाईंना सांगितलं होतं. तिकडचाच आहे, हे सांगितलं नव्हतं. आई गेल्यावर आत्याने मला तिथेच वाढवलं.

तिच्याकडे गेलो तर तिने ट्रंकेतून नवी नायलॉनची साडी काढली, घडीही न मोडलेली.

"ही लाव. शोभंल."

"ही नको, ते हिरवं लुगडं दे."

"ते? येडा झालास का रे? त्यानी मी टोप उतरविते चुलीवरनं." मग हसली. "शेरातली मान्सं फाटकं बघाया येतात? मंग आमच्या पाड्यालाच तिकीट लाव की."

पण दिलं. धुऊन, वाळवून, त्या एका अटीवर.

दालनात ते टेबलावर ठेवताना ठिगळ खाली दाबून मी घडी घातली होती. बाईंनी घडी उलगडली आणि ठिगळावर बोट ठेवून थांबल्याच. "हिरव्यावर खाकी! काय नजर आहे हिची. हेच समोर येऊ दे." मग विचारलं, "कोणाचं आहे?"

"पाड्यावरच्या एका म्हातारीचं. नाव नाही विचारलं."

पाटीवर 'कारागीर अज्ञात' असं लिहिलं गेलं. अक्षर माझंच. आणि ते खाकी कापड माझ्या शाळेच्या चड्डीचं होतं.

भातझोडणी उरकल्यावर आत्या न कळवता आली. दोनदा एसटी बदलून, तीच नायलॉनची साडी नेसून, केसांना तेल चोपडून. मी पाहुण्यांसोबत दाराशी होतो. माझ्याकडे बघून हसली, पण हाक मारली नाही. ती हाक मारील म्हणून मी आधीच नजर वळवली होती.

लुगडं मधल्या भिंतीवर होतं. दिव्याचा झोत नेमका ठिगळावर. ती समोर जाऊन उभी राहिली. एकदा वळून माझ्याकडे पाहिलं, एकदाच.

बाई आपुलकीने जवळ गेल्या. "मावशी, तुमच्याकडे असंच नेसतात ना? कोणी लावलं असेल हो हे ठिगळ?"

मी बोलायचं ते तेव्हाच. चार पावलांवर होतो.

"म्हाईत नाय गो बाय," आत्या म्हणाली. "आमच्यात असलं नेसून कोन भाईर नाय पडत. कोना गरिबाचं असंल." मग म्हणाली, "टाका मातर बारीक हाय."

ती निघाली तेव्हा मी पाहुण्यांना शेजारचा अंगरखा दाखवत होतो. फाटकापर्यंतही गेलो नाही.

पुढे सहा वर्षं ती होती. मी गेलो की पुढ्यात नाचणीची भाकरी यायची, मुलांची चौकशी व्हायची. त्या दिवसाचा शब्द नाही. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर मला सुटल्यासारखं झालं असतं. म्हणूनच घातल्या नसतील, असंही कधी वाटतं. पण तो माझ्या मनाचा मळ. ती तशी नव्हती.

तिच्या दहाव्याला शेजारीण म्हणाली, "तिचं ते हिरवं लुगडं कुटं गेलं रे? इचारलं की म्हनायची, उंदरांनी कातारलं. खरं का?"

माणसं जमली होती. सगळी माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "उंदरांनीच."