स्क्रीन कोणी बघायची

आमच्या कोलोनिया सान ऑनोफ्रे या गावात वीज, फोन आणि इंटरनेट, तिन्ही गावाच्या सहकारी संस्थेचंच. मी, निदिया, तिथे तक्रारींच्या खिडकीवर बसते. माझ्या पाठीमागे काचेची भिंत आणि काचेपलीकडे नोल्दो झानाताची खोली. खरं नाव आर्नोल्दो, पण त्या नावाने त्याला फक्त बँकेतून पत्रं येत.

नोल्दो तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. उंच, वाकलेला, बायको सोडून गेल्याला बारा वर्षं झालेली. टॉवरांवर आणि गावातल्या यंत्रांवर नजर ठेवणारा प्रोग्राम त्याने एका जुन्या कॉम्प्युटरवर स्वतः बसवला होता. दर मिनिटाला तो प्रोग्राम एकेका ठिकाणाला हाक मारी. उत्तर आलं की हिरवं, रेंगाळत आलं की पिवळं, आलंच नाही की लाल. सगळं ब्राउझरमध्ये एका पानावर दिसायचं. पण ते पान त्या एकाच कॉम्प्युटरवर उघडायचं. दुसरीकडून पत्ता टाकला तर 'प्रवेश नाही'. तसं त्याने मुद्दाम ठेवलं होतं.

तक्रार आली की मी काचेवर टकटक करायची. तो स्क्रीनकडे बघायचा आणि बसल्या जागेवरून सांगायचा, "फेर्रेरोंच्या गोठ्याकडचा टॉवर. बॅटरी आहे. अर्ध्या तासात येईल सांग." आणि अर्ध्या तासात यायचं. गावात लोक त्याला डॉक्टर म्हणत. त्याला ते फार आवडे, आणि आवडत नसल्यासारखं तो दाखवी.

मग मार्च महिन्यात मिर्ना क्वालिया आली. रोसारिओ शहराहून, इंजिनिअर, एकतीस वर्षांची. पहिल्याच सोमवारी आमचा व्यवस्थापक डेल्फोर तिला घेऊन नोल्दोच्या खोलीत गेला.

"नोल्दो, ते पान आता मिर्नाच्या टेबलावरून दिसायला पाहिजे. निदियाच्याही. आणि माझ्याही."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"हिरवं-लाल कळतं मला. सिग्नलला गाडी थांबवतोच ना मी."

"गावात एक तरी सिग्नल आहे का?"

"सांता फेला जातो ना! एवढं कर बाबा, आणि नीट कर. प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड."

मिर्ना मध्येच म्हणाली, "तुम्हाला वेळ नसेल तर मी करते."

"मला तुम्ही म्हणू नकोस," नोल्दो म्हणाला. "मी तुझा आजोबा नाही. आणि वेळ आहे मला."

त्याने केलं, पण तीन दिवस लावून. पुढे हे सगळं त्याने स्वतःच मला सांगितलं, म्हणून मला माहीत. पानाचं दार त्याने ऑफिसातल्या चार कॉम्प्युटरांसाठी उघडलं, पासवर्ड चोरीला जाऊ नयेत म्हणून पत्त्याशेजारी कुलपाची खूण येईल अशी व्यवस्था केली, प्रत्येकासाठी नाव तयार केलं. त्या प्रोग्रामात दोन फायली असतात. एकीत नाव आणि पासवर्ड, म्हणजे दारातून आत येण्याची सोय. दुसरीत कोणाला काय दिसेल आणि कोणाला काय करता येईल याची परवानगी. मिर्नाचं नाव त्याने पहिल्या फायलीत लिहिलं. दुसरीत लिहिलं नाही.

तिला आत जाता आलं. आत सगळं रिकामं. एक टॉवर नाही, एक दिवा नाही. वर एक ओळ, की तुम्हाला यातलं काहीही बघण्याची परवानगी नाही.

दुपारभर ती स्क्रीनसमोर बसून राहिली. काचेतून नोल्दो तिच्याकडे बघत होता, मी नोल्दोकडे. त्याचा चेहरा मी एवढा तजेलदार वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या दारात उभी राहिली, हातात माते नावाच्या आमच्या कडवट चहाचा पेला.

"माझं नाव परवानगीच्या फायलीत राहून गेलंय बहुतेक," ती म्हणाली. "होतं असं. पहिल्यांदा बसवला तेव्हा मीही विसरले होते." आणि पेला त्याच्यापुढे धरला.

तिला कळलं होतं आणि ती बोलली नव्हती. ओरडली असती, डेल्फोरकडे गेली असती, तर नोल्दोला तिच्यावर चिडायला जागा मिळाली असती. त्याने माते प्यायला, तिचं नाव लिहिलं, पण फक्त बघण्यापुरतं. पुढच्या आठवड्यात डेल्फोरने डोळे वटारले तेव्हा कुठे पूर्ण अधिकार दिले.

तिथून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना. लोक फोन करून विचारू लागले, "ती मुलगी आहे का?" मी फोन तिच्याकडे दिला की काचेमागे नोल्दोची मान वर व्हायची. पाण्याच्या टाकीवरची अँटेना रोज संध्याकाळी सहाला दहा मिनिटं पिवळी व्हायची. दोन वर्षं नोल्दो म्हणत होता, सोडा, उन्हाने होतं. मिर्नाने तिसऱ्या आठवड्यात शोधून काढलं की सहाला टाकीचा पंप सुरू होतो आणि दोन्हींची वायर एकच आहे. डेल्फोरने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. नोल्दोनेही वाजवल्या, दोनदा.

"शोधलं तर शोधलं," तो मला म्हणाला. "पंपाच्या जागी देव शोधल्यासारखं काय करतात सगळे?"

"तू दोन वर्षं शोधलं नाहीस, म्हणून करतात," मी म्हणाले. मग आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

त्याला एक खोड लागली. पानावर कोण कधी आलं, याची नोंद कॉम्प्युटर आपोआप ठेवतो. नोल्दो सकाळी आल्या आल्या ती नोंद वाचायचा. मिर्ना रविवारी किती वाजता आली, किती वेळ राहिली, काय काय उघडून बघितलं. बायको गेली तेव्हासुद्धा त्याने तिचे कागद असे चाळले नव्हते, असं तो स्वतःच म्हणाला. ती रविवारी सातलाच आलेली दिसली की तो पुढच्या रविवारी साडेसहाला यायचा. कोणी बघणारं नसताना ही शर्यत चालली होती, आणि शर्यत आहे हे मिर्नाला ठाऊकही नव्हतं.

जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, एका शुक्रवारी त्या नोंदीत त्याला एक अनोळखी नाव दिसलं. 'ऑपरेटर'. रोज दुपारी दीड ते चार. अख्खं गाव झोपलेलं असतं त्या वेळेत. परवानगी फक्त बघण्याची, देणारी मिर्ना; ऑफिसाबाहेरून पान उघडण्याची सोयही तिनेच केलेली. आधी त्याला वाटलं, तिने रोसारिओतल्या कोणा मित्राला आत घेतलंय. त्या विचाराने त्याला चक्क आनंद झाला. पण लाइन आमच्याच संस्थेची होती. त्याने लाइनवरून घर काढलं. घर निघालं चौकाच्या कोपऱ्यावरच्या डोन्या ओलिंपियाचं.

डोन्या ओलिंपिया, म्हणजे ओलिंपियाबाई, एक्क्याऐंशीची. गावात हाताने फोन जोडायचे तेव्हा पस्तीस वर्षं तिने ते जोडले. नोल्दो सव्वीस वर्षांचा असताना संस्थेत लागला, तेव्हा वायरीतल्या खरखरीवरून बिघाड कुठे आहे हे ओळखायला तिनेच त्याला शिकवलं. त्याची आई गेली तेव्हा नऊ दिवस जेवण तिच्या घरून आलं. आणि या बाईने स्क्रीन मागितली होती मिर्नाकडे.

त्या दुपारी तो सायकलवरून तिच्या घरावरून दोनदा गेला. खिडकीची फळी अर्धी उघडी होती. आत ती टॅब्लेट उशीला टेकवून बसली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तो थांबला नाही. ऑफिसात परत आला आणि 'ऑपरेटर' हे नाव दोन्ही फायलींतून काढून टाकलं.

रविवारी ऊन एकेचाळीस अंशांवर गेलं. यंत्रांच्या खोलीतला एसी दीडच्या सुमारास बंद पडला. खोलीचं तापमान पानावर दिसायचं, चोवीसवरून ते चढायला लागलं. इशारा जायचा तो एकट्या नोल्दोच्या फोनवर, कारण दुसऱ्या कोणाचा नंबर त्याने तिथे घातलाच नव्हता. आणि नोल्दो भावासोबत नदीवर मासे धरायला गेला होता. तिथे फोन लागत नाही. मिर्ना झोपली होती. मी झोपले होते.

चारला गाव उठलं तेव्हा फोन बंद, इंटरनेट बंद. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्वतः माझ्या दारात आल्या, कारण फोन करणार कुठून? एका म्हाताऱ्याला सांता फेला हलवायचं होतं आणि रुग्णवाहिका बोलवता येत नव्हती. शेवटी त्याच्या जावयाने आपल्या ट्रकमध्ये घालून नेलं. म्हातारा वाचला, पण ते दोन तास त्या घरच्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक.

मिर्नाने खोलीची दारं सताड उघडली. क्लबातून मोठे पंखे आले, नाचाच्या रात्री लावतात ते. दोन यंत्रं जळली होती. रात्री आठपर्यंत तिने बाकीची एकेक करून सुरू केली. नोल्दो साडेपाचला आला, पॅन्टला चिखल, आणि दारातच उभा राहिला.

"पंखा धर तो," मिर्ना म्हणाली. एवढंच.

मंगळवारी संचालक मंडळाची बैठक झाली. मी टिपणं घ्यायला होते. अध्यक्षांनी विचारलं, अडीच तास तापमान चढत होतं आणि कोणाला कसं दिसलं नाही? नोल्दो टेबलाकडे बघत होता. मिर्नाने आदल्या रात्री सगळी नोंद वाचली होती. शुक्रवारी कोणी कोणाचं नाव काढलं, हे त्यात मिनिटासकट होतं.

ती म्हणाली, "इशारा एकाच फोनवर जात होता. व्यवस्थेतली चूक आहे. पाच जणांना जायला हवा. माझ्याही आधी लक्षात यायला हवं होतं."

बैठक संपल्यावर नोल्दो तिच्या मागोमाग वऱ्हांड्यात गेला.

"सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"तुला माहीत आहे काय ते."

"ते मी नाही सांगायचं," ती म्हणाली. "आणि मंडळाला तर नाहीच. तुला माहीत आहे कोणाला सांगायचं ते."

त्या क्षणी आपल्याला तिचा सगळ्यात जास्त राग आला, असं नोल्दो मला म्हणाला. ती इंजिनिअर होती, तरुण होती, लोकांना आवडत होती, एवढं पुरे नव्हतं का? आता चांगलंही तिनेच वागायचं?

दोन दिवस त्याने कळ काढली. गुरुवारी दुपारी, बेकरी बंद व्हायच्या आत, डझनभर गोड पाव घेऊन तो डोन्या ओलिंपियाकडे गेला. तिने दार उघडलं, पुडा बघितला, मग त्याला बघितलं.

"ये पोरा. तूच काढलंस ना माझं नाव?"

त्याने पुडा पुढे केला.

"पासवर्ड आपोआप बिघडत नाही. एवढं मला कळतं. शनिवारी पाच वेळा टाकला. वाटलं, मिर्नाला फोन करावा. मग म्हटलं नको, बिचारीला नोल्दोशी भांडावं लागेल."

"दवाखान्याचं कळलं ना तुम्हाला?" तो म्हणाला. "तुम्ही बघत असता तर दोन वाजताच…"

"हो. मी जागीच होते. पासवर्ड मागणाऱ्या पानाकडे बघत बसले होते." तिने पाव ताटलीत काढले. "खा."

"तुम्ही माझ्याकडे का नाही मागितलं? तिच्याकडे का?"

"तुझ्याकडे मागितलं होतं की. तू तो प्रोग्राम बसवलास त्या वर्षी. चर्चच्या पायऱ्यांवर. तू म्हणालास, डोन्या, त्यात तुम्हाला काही कळणार नाही."

नोल्दोला ते आठवेना. त्याने खूप ताण दिला. पायऱ्या आठवल्या, ती आठवली, तिचा निळा कोट आठवला. आपण काय बोललो ते मात्र आठवेना.

"त्या मुलीला मी सांगितलं, मी फोन जोडायचे. तर तिने विचारलं, मग लाइन बिघडली हे तुम्हाला कशावरून कळायचं? बसली दोन तास ऐकत," डोन्या ओलिंपिया म्हणाली. "तू आलास की घड्याळ बघतोस."

तो खाली मान घालून पाव खात राहिला. मग त्याने तिचा टॅब्लेट मागितला, ऑफिसच्या कॉम्प्युटरशी जोडला आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिचं नाव दोन्ही फायलींत परत लिहिलं. इशारे जातात त्या यादीत तिचा नंबरही घातला. नवा पासवर्ड तिने टाइप केला तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे केलं.

याने त्याचा जळफळाट संपला असं मी म्हणणार नाही. टॉवर पिवळा झाला की डोन्या ओलिंपिया कधी त्याला फोन करी, कधी मिर्नाला. मिर्नाला केला की तो दिवसभर घुम्यासारखा बसे. पण नाव त्याने पुन्हा कोणाचं काढलं नाही. उलट वर्षभरात वीजखात्याच्या दोघांना आणि दवाखान्यातल्या नर्सला बघण्याची परवानगी त्याने आपण होऊन दिली, आणि दिल्याचं मंडळाला दोन-तीनदा ऐकवलंही.

तीन वर्षांनी मिर्नाला राफाएलाजवळच्या एका मोठ्या संस्थेत जागा मिळत होती. त्यांनी वरिष्ठांचं शिफारसपत्र मागितलं. वरिष्ठ म्हणजे नोल्दो. त्याने पत्राला चार दिवस लावले. डेल्फोर म्हणाला, "तिला जाऊ द्यायचं नाही वाटतं तुला?" पाचव्या दिवशी नोल्दोने हाताने लिहिलेला कागद माझ्या खिडकीत सरकवला.

"टाइप कर. आणि वाचू नकोस."

"न वाचता टाइप कशी करू?"

"मग वाच. पण तोंडावर काही दाखवू नकोस."

सहा ओळी होत्या. पाण्याच्या टाकीचा पंप होता, तो रविवार होता, क्लबातले पंखे होते. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'ही माझ्यापेक्षा चांगली आहे.' ती ओळ आधी दोनदा खोडून पुन्हा लिहिलेली दिसत होती. मी टाइप करत होते तेवढा वेळ तो काचेमागे माझ्याकडे पाठ करून उभा होता, दात उपटून घ्यायला आपली पाळी कधी येते याची वाट बघत असल्यासारखा. मी कागद दिला. त्याने सही केली, शिक्का मारला आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवला, ती जेवायला बाहेर गेली होती तेव्हा.