ग्लिसरीनचाचांचं दूध

ग्लिसरीनचाचांना गढूळ काही बघवत नसे. अहमदपूरला आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळा सहायक होते. हाताला लागेल ते पातळ उजेडासमोर धरून बघायची त्यांना खोड. चहा बघत, नळाचं पाणी बघत. एका लग्नात त्यांनी वरणाची वाटी खिडकीकडे धरली, आणि ती खाली येईपर्यंत मागच्या तीन पंगती उठून गेल्या. यातली वाटी खरी आहे.

नाव पडलं ते त्यांच्या एका प्रयोगावरून. अभ्यासक्रमात तो नव्हताच. चंचुपात्रात, म्हणजे आमच्या बीकरमध्ये, पाणी घ्यायचं, वर थोडं रॉकेल, चिमूटभर साबणाचा चुरा. ढवळलं की म्हशीचं दूध तयार. आमच्यातल्या एकाला तर मी ते चहात घालताना पाहिलंय. मग चाचा ग्लिसरीन सोडत, आधी धारेनं, मग थेंबथेंब. दूध निळसर पडे, पातळ दिसू लागे आणि एका थेंबाला बीकरमागं टेकवलेल्या एसटीच्या तिकिटावरचे आकडे लख्ख वाचता येत.

"चाचा, रॉकेल कुठं गेलं?"

"कुठं जातंय? तिथंच हाय. उजेड हरेक थेंबाला वाकडा व्हायचा, म्हणून पांढरं दिसायचं. आता पाण्याची बाजू बी तेवढंच वाकवती अन् रॉकेल बी तेवढंच. उजेडाला हद्दच कळंना झाली."

अपवर्तनांक सारखे होणं, असं पुस्तकात त्याला म्हणतात. पुस्तकावर राहिलो असतो तर मला ते अजून कळलं नसतं. एखादा घाई करून भसकन ओती, की निवळायची वेळ निघून जाई आणि पुन्हा दूध. "झालं, गाडी थांब्याच्या पुढं नेली," चाचा म्हणत आणि थकल्यासारखे पहिल्यापासून सुरू करत.

भूकंपाच्या सकाळी प्रयोगशाळेचं कपाट आडवं झालं होतं. गावातल्या भिंतींचं भेगांवर निभावलं होतं. चाचा फरशीवर सांडलेलं ग्लिसरीन फडक्यानं टिपत होते आणि फडकं लाल होत होतं. हाताला सतरा जखमा होत्या असं मी सांगत आलोय. चार होत्या.

"काचा दिसल्या न्हाईत?" मी विचारलं.

"ग्लिसरीनमधे ही काच दिसती का? काय शिकवलं तुला मी?"

दुपारी किल्लारीकडून जखमींचा पहिला ट्रक आला. त्यानंतर बरेच महिने आमच्या गावात कुणी गोष्ट रंगवून सांगितली नाही. मीसुद्धा नाही.

मग क्लासेस आले. पोरांची नावं कॉलेजात आणि पोरं लातुरात. प्रयोगशाळेला कुलूप लागलं. कॉलेज विनाअनुदानित, त्यामुळे चाचांना पेन्शन नव्हती. मी तोवर लातुरात एका क्लासमध्ये शिकवत होतो. दिवसाला चार बॅचेस, आणि संध्याकाळी माझा घसा मला सोडून आधीच घरी गेलेला असे. संचालकांच्या मागे लागून मी ठरवलं: मे महिन्यातल्या पालक मेळाव्यात चाचांनी प्रयोग दाखवायचा, जमला तर जूनपासून नोकरी.

मांडव पत्र्याचा. आतल्या उकाड्यात खुर्च्यासुद्धा घामेजल्या होत्या. चाचांनी घरी, थंड खोलीत मोजून आणलेलं ग्लिसरीन शेवटच्या थेंबापर्यंत घातलं. दूध दूधच राहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, आता साखर टाका." मांडव हसला.

संचालक माझ्या कानाशी आले. "सर, हात धुवायच्या पाण्याचा बीकर पुढं सरकवा. कुणाला कळतंय?"

मी चाचांना ते हळूच सांगितलं. त्यांनी टेबलाखाली पाहिलं.

"ते पाणी हाय."

"हाव, चाचा. पण नोकरीचा सवाल हाय."

"मग पाणी म्हणून दाखव." ते पालकांकडे वळले. "उन्हानं रॉकेल जास्त बिगडून राहिलंय, ग्लिसरीन कमी. थोडं पाणी घालून जुळवावं लागतंय. धा मिनिटं बसा."

मे महिन्यात लातुरात दहा मिनिटं कुणाकडे नसतात. संचालकांनी माईक घेतला, गुणवंतांना स्टेजच्या दुसऱ्या टोकाला बोलावलं, आणि अख्ख्या मांडवानं मान तिकडे वळवली. मला हारांचं ताट धरायचा इशारा झाला. मी गेलो.

मेळावा संपला तेव्हा चाचा बीकर धुऊन पिशवीत ठेवत होते. नोकरीचं त्यांनी विचारलं नाही, मी काढलं नाही.

"अकराव्या थेंबाला झालं," ते म्हणाले. "मी हात बी वर केला होता. तू बघितलं ना, बेटा?"

"हाव, चाचा. लख्ख."

"मग बस झालं." त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. अहमदपूरच्या गाडीत खिडकीशी बसल्या बसल्या त्यांना झोप लागली.

पुढच्या थंडीत चाचा गेले. आयुष्यात मी हजार थापा मारल्या, आणि त्या ऐकून लोक हसले. ही एकच अशी, की जिच्यावर कुणी शांत झोपलं. अकराव्या थेंबाच्या वेळी मी ताट धरून संचालकांच्या बोटाकडे बघत होतो.