रेती धुणारी पारबताबाई

काम संपवून उठताना पारबताबाई हात नदीत धूत नसे, कठोतीत धुवायची. कठोती म्हणजे तिची रेती धुवायची लाकडी, उथळ परात. आधी दहाही नखं काडीनं कोरून त्यातला गाळ कठोतीत पाडायची, मग लुगड्याचा भिजलेला काठ तिच्यातच पिळायची आणि ते सगळं पुन्हा एकदा धुवायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते हे करताना. वैनगंगेच्या घोटाभर पाण्यात उकिडवी बसलेली, साठीच्या घरातली काटकुळी बाई. मला वाटलं, डोक्यानं जरा कमी असावी.

"काय करून राह्यली, बाई?" मी विचारलं.

"नखातून जाते जी मास्तर."

"काय जाते?"

"सोनं."

मी मास्तर आहे हे तिला कसं कळलं, म्हणून विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "गावात चपला घालून रेतीत येनारा दुसरा कोन हाये?" तेव्हापासून मी तिच्याकडे जाताना चपला हातात घेऊ लागलो.

ही एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली गोष्ट. जिल्हा तेव्हा चांदाच होता, चंद्रपूर हे नाव नंतर आलं. नागपूरकडून माझी बदली नदीकाठच्या या खेड्यात झाली होती. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, त्यात मी, आई आणि नुकतीच लग्न होऊन आलेली माझी बायको सुमन. पारबताबाई सोनझरी लोकांपैकी. धानाची कापणी उरकली आणि नदीचं पाणी उतरलं की ही मंडळी बायकापोरांसह येत, वाळवंटात झोपड्या घालत आणि दिवसभर रेती धूत. जत्रा झाली की तिसऱ्या दिवशी स्नानाच्या घाटावर उतरत, कारण गर्दीत लोकांच्या अंगावरचं काहीबाही पडलेलं असे. पारबताबाई दोन्हींत फरक करायची. "नदीचं सोनं चपटं अस्ते, घासून घासून. मानसाच्या सोन्याले कोर अस्ते." तळहातावरचा कण, जो मला धड दिसतही नसे, त्याच्याकडे एकदा पाहून ती नदीचा की माणसाचा हे सांगून मोकळी होई.

शाळा सुटली की मी तिच्याजवळ जाऊन बसायचो. इतकी वर्षं झाली, पण त्या हातांइतकं थक्क करणारं मी फार थोडं पाहिलं आहे. टोपलीभर रेती कठोतीत ओतायची, पाणी घ्यायचं आणि कठोतीला असा हेलकावा द्यायचा की वरची भुरी रेती आपसूक बाहेर जावी. मग तांबूस थर जाई. शेवटी उरे ती काळी, जड रेती, मूठभर, मग चिमूटभर. मनगटं हलत आहेत हे कळतही नसे. काळ्या रेतीचं एक शेपूट कठोतीत पसरे आणि त्याच्या टोकाला कधी तरी, रोज नव्हे, कोंड्याएवढं पिवळं काही चमके. ते ती ओल्या बोटानं टिपून बांबूच्या नळीत ठेवी. मी गणिताचा मास्तर. टोपल्या किती, काळी रेती किती, त्यात सोनं किती, हे प्रमाण मनात मांडायला गेलो आणि सोडून दिलं.

एकदा मात्र राहवलं नाही. म्हटलं, "बाई, यात फायदा हाये का काही, की नुसता नाद?"

ती हसली. पुढचे दोन दात नव्हते, तरी हसणं छान होतं. "फायदा अस्ता त सावकारच बसला अस्ता पान्यात. मले कोन बसू देते?"

"मंग धान रोवण्याले जात जा. धान तरी भेटते."

"जातो ना पावसाळ्यात. पन घरी बसली का हात खाजवते, मास्तर. नाद म्हना नाईत पोट म्हना, मले त वेगळं काढता नाई येत."

मी तिला समजवायला गेलो होतो. परत येताना माझ्याच नोकरीचा विचार करत आलो.

त्या वर्षीच्या शिवरात्रीच्या जत्रेत सुमनच्या डाव्या कानातलं सोन्याचं फूल हरवलं. लग्नात आईनं स्वतःची मोडून तिला केलेली जोडी होती ती. सुमन घरी येऊन रडत म्हणाली, नदीवर पडलं. आईनं दोन दिवस डोकं धरलं. चौथ्या दिवशी निरोप आला की सुमनच्या भावानं नवा बैल घेतला. जत्रेच्या आठवडाभर आधीच तो येऊन गेला होता आणि त्याचा बैल मेल्याचं आमच्याच ओसरीवर बसून सांगून गेला होता. आईनं दोन आणि दोन चार केले: फूल पडलं नाही, बैलासाठी भावाला दिलं. म्हणाली, "होळी झाली का माहेरी जा, अन् फूल घेऊनच ये. नाईत येऊ नोको."

सुमन माझ्याकडे पाहत होती. मी वहीत तोंड घातलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. बैल त्याच्या सासऱ्यानं दिला होता, हे पुढे कळलं. एक पत्र टाकलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

मनाची टोचणी काढायला म्हणा, मी पारबताबाईच्या कानावर घातलं, घाटावर फूल सापडलं तर सांग. ती म्हणाली, "तुमी काय सांगता? जिचं पडलं तिले आना."

सुमनला घेऊन गेलो. पारबताबाईनं तिला जवळ बसवलं आणि विचारायला लागली.

"कुठी उतरली होती?"

"नावेच्या खुंट्याच्या खालच्या अंगानं."

"पानी कुठवर?"

"कमरेवर. तीन डुबक्या घेतल्या."

"केस धुतले?"

"धुतले. काठावर येऊन पिळले."

"कोन्या अंगानं?"

"डाव्या."

"तोंड कुठी होतं?"

"देवळाकडे. मंग पदर घेतला त कान मोकळा लागला."

सुमन भराभर उत्तरं देत होती. जणू किती दिवस कुणीतरी विचारील म्हणून सगळं जपून ठेवलं होतं. शेवटच्या उत्तरानंतर तिचा बांध फुटला. पारबताबाईनं तिला रडू दिलं. मग उठली, नावेच्या खुंट्यापासून खाली मोजून सात पावलं गेली आणि काठावर चार काटक्या रोवल्या. "पान्यात नाई धुंडा लागत. केस पिळले तिथीच." मेहनताना दोन पायली तांदूळ ठरला. तिनंच सांगितला आणि मी घासाघीस केली नाही.

ती रोज त्या चौकोनातली रेती हातभर खोल काढून धूत होती. हजारो पायांनी तुडवलेली जागा, त्यात पाणीही थोडं सरकलेलं. तिची बाकीची माणसं वरच्या अंगाला चांगली रेती लागली म्हणून निघून गेली. जाताना तिचा जावई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "बुढीले पोरीच्या फुलाचं पिसं लागलं." ती एकटीच राहिली. मी रोज संध्याकाळी जाई. तांब्याचे पैसे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, पैंजणाचं एक घुंगरू, माशाचा गळ, एवढं निघालं. फूल नाही. घरी सुमननं ट्रंकेत लुगडी भरून ठेवली होती.

नवव्या दिवशी, होळीच्या आदल्या दिवशी, मी गेलो तेव्हा पारबताबाई कठोती मांडीवर घेऊन नुसती बसली होती. "मास्तर, दिस्ते का?"

मी वाकलो. काळी रेती, बाकी काही नाही. तिनं बोट ओलं केलं, त्या काळ्यातून काहीतरी टिपलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. फुलाची फिरकी होती ती, कानामागून बसवतात ती. मुगाच्या अर्ध्या दाण्याएवढी. एवढ्या मोठ्या वाळवंटातून या बाईनं ती काढली होती. माझ्या हातून पडेल अशी भीती वाटली म्हणून घरापर्यंत पारबताबाईलाच धरायला लावली.

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. पारबताबाईनं फिरकी सुपाच्या काठावर ठेवली. "फूल नाई भेटलं, माय. मोठी चीज, दिसली त कोनीही उचलते. हे कोनाले दिसत नाई."

"हे कोनाचंही असन," आई म्हणाली.

"पाहा ना लावून."

सुमननं उजव्या कानातलं फूल काढून दिलं. आईनं त्याची फिरकी काढली आणि ही बसवली. पहिल्यांदा ती तिरपी बसली. दुसऱ्यांदा फिरकी मळसूत्रावर चढली आणि शेवटपर्यंत फिरत गेली. एकाच सोनारानं एकाच दिवशी केलेली असावी तशी.

"इकनारी फिरकीसंगच इकते, माय," पारबताबाई म्हणाली. "फिरकी अल्लग पडली का समजा, केसात गुतून निंगाली."

आईनं ते फूल सुमनच्या हातात परत दिलं. मग आत जाऊन तिनं सुमनची ट्रंक पलंगाखाली सरकवली. येताना तांदूळ आणले ते तीन पायल्या. पारबताबाईनं तिसरी पायली घ्यायला आढेवेढे घेतले नाहीत, पदर नीट पसरून घेतली.

त्यानंतर दोनच उन्हाळे ती आमच्या काठाला आली. तिसऱ्या वर्षी जावयानं सांगितलं, पावसाळ्यात तापानं गेली. आज हे लिहिताना तिच्या आठवणीनं डोळे भरून येतात. त्याचं कारण तिचे हात आहेतच, पण त्याहून जास्त, फिरकी सापडली त्या दिवशी वेशीपर्यंत तिला सोडायला गेलो तेव्हा झालेलं बोलणं आहे.

मी म्हणालो, "बाई, परवडलं का तुले?"

"काहाचं परवडते जी. वरच्या अंगाले बरी रेती लागली म्हन्तेत."

"मंग काऊन धुतली नऊ दिवस?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न पडूच कसा शकतो. "त्या पोरीनं सांगतलं ना, इथीच पडलं म्हनून."

मी घरी आलो. सुमन चुलीपाशी होती. तिला म्हणालो, "पुढच्या पगारात नवी जोडी करू."

"फुलं राहू द्या," ती म्हणाली. "सांगतलं त मी तुमालेबी होतं."